उणे सत्तावीसच्या अलीकडे : फायबर तपासणीची साधने आणि त्यांचा खर्च

तालुक्याच्या गावचा केबलवाला गेल्या दहा-बारा वर्षांत इंटरनेटवाला झाला. काळी कोअ‍ॅक्स गेली, खांबाखांबावरचे अ‍ॅम्प्लिफायर गेले आणि त्यांच्या जागी काचेची तार आली. कोअ‍ॅक्स कुठे कुजली, कुठे उंदराने कुरतडली हे शिडी लावली की निम्म्या वेळा नुसते बघूनच कळायचे. फायबरमधून जाणारा प्रकाश इन्फ्रारेड, तो डोळ्यांना दिसतच नाही. तार बाहेरून धडधाकट आणि आतून तुटलेली असू शकते. त्यामुळे धंद्यात नवी यंत्रे आली, यंत्रांमागोमाग कोटेशने आली, आणि तीनशे-चारशे कनेक्शनवाल्या माणसापुढे प्रश्न उभा राहिला : हाताशी लाख-दीड लाख आहेत, त्यात तपासणीचे काय काय घ्यायचे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा, ऑनलाइन शोधा, नाहीतर ओळखीच्या डीलरला फोन करा. सल्ला साधारण एकच मिळतो. आधी तारा जोडणारे स्प्लायसिंग मशीन, मग तारेतला दोष किती अंतरावर आहे ते सांगणारा ओटीडीआर, आणि बाकीचे ‘किटमध्ये येतेच’. माझे मत नेमके उलटे आहे. किटमध्ये फुकट मिळाल्यासारख्या वाटणाऱ्या त्या बाकीच्या वस्तूच आधी नीट पारखून घ्याव्यात आणि ओटीडीआर बहुतेक लहान ऑपरेटरांनी भाड्याने किंवा भागीदारीत वापरावा. असे का, हे एका साध्या बेरजेतून दिसते.

घरोघरी फायबर नेण्याच्या जीपॉन पद्धतीतला नेहमीच्या वापरातला बी-प्लस वर्ग घेऊ. त्यात ऑपरेटरच्या ऑफिसातले यंत्र, म्हणजे ओएलटी, अधिक १.५ ते अधिक ५ डीबीएम प्रकाश सोडते आणि ग्राहकाच्या घरचा ओएनटी उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश ओळखू शकतो. समजा, ओएलटीतून अधिक ३ निघाले आणि ग्राहक सहा किलोमीटरवर आहे. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा. किलोमीटरमागे पाव डीबी धरले तर काचेने दीड डीबी खाल्ले. वाटेत आठाचा एक स्प्लिटर, पुढे आठाचाच दुसरा. प्रत्येकी साडेदहा म्हणजे एकवीस गेले. सहा कनेक्टर प्रत्येकी ०.३ धरून १.८. सहा जोड प्रत्येकी ०.०५ धरून ०.३. एकूण २४.६. घरी पोचले उणे २१.६. उत्तम चालते.

या साडेचोवीसमध्ये सहा किलोमीटर काचेचा वाटा फक्त दीड. १९६६ साली चार्ल्स काव यांनी मांडले होते की, किलोमीटरमागे २० डीबीपेक्षा कमी तूट देणारी काच करता आली तर तिच्यातून दळणवळण होऊ शकेल. १९७० मध्ये कॉर्निंगने १७ डीबीची फायबर करून दाखवली. आज १५५० नॅनोमीटरला ०.२ डीबीच्या आसपास तूट असलेली फायबर कारखान्यातून हजारो किलोमीटरने बाहेर पडते; छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे काच आणि फायबरचे कारखाने आहेत. काचेचा प्रश्न सुटलेला आहे. स्प्लिटरची तूट ठरलेली आहे, ती तपासून कमी होत नाही. मग माणसाच्या हातात राहते काय? कनेक्टर, जोड आणि बाक.

आता यातला एक कनेक्टर मळका निघाला आणि त्याने तीन डीबी खाल्ले, म्हणजे तिथे निम्मा प्रकाश गेला. आकडा उणे २४.६ झाला. नेट चालूच राहते, ग्राहक काही बोलत नाही. पुढे पावसाळ्यात जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरते, नाहीतर घरात कपाट सरकवताना ड्रॉप केबल मुरडते, आणखी तीन जातात आणि आकडा उणे २७.६ होतो. मग ओएनटीवरचा लाल दिवा मध्येच लागतो, मध्येच विझतो आणि ‘तुमचं नेट संध्याकाळी जातं’ असा फोन येतो. बिघाड पावसाळ्यात दिसला, पण त्यातला निम्मा वाटा कनेक्शन दिले त्याच दिवशी बसलेला होता. तपासणीचे पैसे कुठे घालायचे ते इथे ठरते : उणे सत्तावीसच्या अलीकडे किती अंतर शिल्लक आहे हे सतत कळत राहील अशा साधनांवर.

पहिले साधन विकत घ्यावेच लागत नाही. बहुतेक ओएलटी प्रत्येक ओएनटीला किती प्रकाश मिळतो हे स्वतःच सांगतात. ओएनटीच्या आतल्या पानावरही तो आकडा असतो. तो अचूक नसतो, दोन-तीन डीबी इकडेतिकडे चालायचेच. पण काल उणे २१ दाखवणारा ओएनटी आज उणे २५ दाखवू लागला तर ते चार डीबी खरोखरच गेलेत. एकाच स्प्लिटरवरची आठही घरे एकदम घसरली तर दोष स्प्लिटरच्या मागे, एकच घसरले तर त्या घराच्या ड्रॉपमध्ये. खांबावर न चढता एवढे कळते, तेही पैसा न देता. कनेक्शन दिल्या दिवशीचा आकडा मात्र कुठेतरी लिहून ठेवलेला हवा. रजिस्टर नसेल तर पुढे घेतलेली सगळी यंत्रे निम्मीच उपयोगी पडतात.

दुसरी वस्तू लाल लेझर पेन. काहीशे रुपयांपासून मिळते, ६५० नॅनोमीटरचा दिसणारा प्रकाश सोडते. पिगटेल तडकली असेल, जोड फसला असेल, पॅच कॉर्ड तीव्र वळली असेल तर त्या जागी लाल ठिपका दिसतो. ओडीएफमधल्या, म्हणजे तारा जोडायच्या चौकटीतल्या, गर्दीत कुठली तार कुठे जाते हेही त्यानेच शोधतात. पेनवर ‘१० किमी’, ‘२० किमी’ लिहिलेले असते, त्याला फार भुलू नये. काळ्या जाड आवरणाच्या केबलमधून लाल प्रकाश बाहेर दिसत नाही. पेन कामाचे ते उघड्या तारेवर आणि पातळ पॅच कॉर्डवर. जास्त मिलिवॉटचे पेन जास्त चांगले हा समजही सोडावा. एक मिलिवॉटच्या वरचा लेझर डोळ्यात गेला तर पापणी मिटेपर्यंत इजा होऊ शकते, आणि बाजारात दहा, वीस, तीस मिलिवॉटचे पेन सर्रास विकले जातात. खांबावरचा पोरगा पेन सुरू आहे का हे तोंडासमोर धरून बघतो, ही रोजची गोष्ट आहे.

पॉवर मीटरपासून खरा हिशेब सुरू होतो. साधा हातातला मीटर हजार-दोन हजारांतही येतो आणि सगळीकडे तोच दिसतो. घेताना पट्टा बघायचा. काही मीटर उणे ७० ते अधिक १० पर्यंत मोजतात, काही उणे ५० ते अधिक २६. ज्यांच्याकडे अजून फायबरवरून टीव्हीचे सिग्नल जातात त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून २० डीबीएमच्या आसपास प्रकाश निघतो. तिथे पहिल्या जातीचा मीटर लावला तर डिटेक्टर बिघडू शकतो. अशांनी दुसराच घ्यावा. पडद्यावर दोन दशांश स्थळे दिसली म्हणजे मीटर तेवढा अचूक असे नाही. स्वस्त मीटर पाव-अर्धा डीबी चुकतोच, आणि घरोघरच्या कामाला तेवढे चालते. चालत नाही ते दोन मीटर दोन वेगळे आकडे सांगत असताना. म्हणून चार पोरांच्या हातात चार मीटर असतील तर महिन्यातून एकदा ते एकाच तारेवर लावून बघावेत आणि प्रत्येकावर फरकाची चिठ्ठी चिकटवावी. खर्च शून्य.

साध्या मीटरची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्यावर लहरलांबी निवडायचे बटण असते, पण ते फक्त हिशेबाचे बटण आहे. आत येणारा प्रकाश कोणत्या लहरलांबीचा हे मीटर ओळखत नाही, येईल तेवढा सगळा मिळून मोजतो. ज्या तारेत १४९० वर इंटरनेट आणि १५५० वर टीव्ही दोन्ही चालतात, तिथे टीव्हीचा जोरकस प्रकाश मीटरला भरभरून मिळतो आणि पडदा उणे ८ दाखवतो. इंटरनेटचा प्रकाश उणे २८ वर पडून मेलेला असला तरी. मीटर ठीक म्हणतो, ओएनटी लाल दिवा दाखवतो, आणि बिचारा ओएनटी बदलला जातो. अशा जाळ्यावर पॉन मीटर लागतो. तो दोन्ही प्रकाश वेगळे करून दाखवतो, आणि चांगल्या पॉन मीटरमधून तार आरपार जोडता येते, त्यामुळे ओएनटीकडून परत जाणारा १३१० चा प्रकाशही मोजता येतो. हा परतीचा प्रकाश सलग नसतो. आपली पाळी आली की ओएनटी क्षणभर बोलतो आणि गप्प होतो, आणि समोर ओएलटी असल्याशिवाय बोलतच नाही. साधा मीटर त्याची सरासरी काढून भलताच आकडा सांगतो. पॉन मीटरची किंमत साध्याच्या काही पट, पाच आकड्यांत. टीव्ही आणि नेट एकाच तारेत असेल तर तो चैनीत मोडत नाही. नुसते इंटरनेट असेल तर साध्यावर भागते. एक्सजीएस-पॉनकडे जायचा विचार असेल तर तिथे लहरलांब्या १५७७ आणि १२७० आहेत. आज घेतलेला पॉन मीटर त्या मोजतो का हे आधीच विचारलेले बरे.

मीटरच्या जोडीला प्रकाशाचा स्रोत घेतला की नव्या, अजून चालू न केलेल्या तारेची तूट मोजता येते : एका टोकाला स्रोत, दुसऱ्याला मीटर. ठेकेदारीची कामे घेणाऱ्यांना हे लागते. नुसत्या घरगुती कनेक्शनवाल्याला ओएलटी हाच स्रोत.

आता माझ्या यादीतली सर्वांत दुर्लक्षित बाब : साफसफाई आणि सूक्ष्मदर्शक. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास, भोवतीची काच १२५ मायक्रॉन. कनेक्टरचे तोंड चारशेपट सूक्ष्मदर्शकाखाली धरले की पडद्यावर एक करडी चकती दिसते आणि मधोमध बारीक गाभा. नव्या कोऱ्या, टोपी लावलेल्या पॅच कॉर्डचे तोंड बघा. टोपीच्या आतले मेण किंवा प्लॅस्टिकची भुकटी बऱ्याचदा तिथेच बसलेली असते. बोट लागलेल्या तोंडावर तेलाचे थेंब चकाकतात. धुळीचा एखादा कण गाभ्यावर असताना कनेक्टर अडॅप्टरमध्ये दाबला की कण चिरडतो, त्याचे तुकडे गोल पसरतात आणि समोरच्या तोंडावरही तसाच ठसा उमटतो. ते तोंड पुसून भागले तर नशीब, नाहीतर खड्डा पडलेला असतो आणि तो कशानेच जात नाही. तोंड कुठवर चालेल, कुठल्या भागात किती ओरखडे माफ, हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयईसी ६१३००-३-३५. आपल्याकडे मात्र सूक्ष्मदर्शक म्हणजे शर्टाचे टोक.

एका टिचकीने पुसणारा पेनसारखा क्लीनर हजार-बाराशेच्या आत मिळतो आणि काहीशे वेळा चालतो. एक पोरगा, एक क्लीनर, हा नियम. अडॅप्टरच्या आत अडकलेल्या तोंडापर्यंतही तो पोचतो. जोडाच्या कामाला तंतू न सोडणारे पुसणे आणि ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातले पाणी मिसळलेले स्पिरिट सुकताना डाग सोडते. सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत एकच सांगणे आहे : थेट डोळा लावायचा प्रकार घेऊ नका. तार चालू असेल तर भिंगातून एकवटलेला अदृश्य प्रकाश सरळ डोळ्याच्या पडद्यावर जातो. पडद्यावर चित्र दाखवणारा, कॅमेऱ्याचा घ्या. स्वतःच निकाल देणारे नामांकित कंपन्यांचे सूक्ष्मदर्शक लाखाच्या घरात जातात. नुसते चित्र दाखवणारे साधे प्रकार त्याच्या कितीतरी कमी किमतीत येतात आणि तेवढे पुरते. हिरवा एपीसी कनेक्टर आठ अंशांत तिरपा घासलेला असतो, निळा यूपीसी सरळ. सूक्ष्मदर्शकाची टोपीही त्या-त्या जातीची लागते. किटमध्ये दोन्ही आहेत का बघावे. हिरवा निळ्यात घुसवून ‘बसतोय की’ म्हणणारे हात अजूनही गावोगाव आहेत, आणि त्या एका घुसवण्यात दोन्ही तोंडे खराब होऊ शकतात.

मग ओटीडीआर. यावर थोडे थांबायला हवे, कारण पैसे इथेच जातात आणि फसगतही इथेच होते.

यंत्राची कल्पना १९७६-७७ च्या सुमाराची. तारेत प्रकाशाचा एक ठोका सोडायचा. काचेतून थोडासा प्रकाश सतत मागे विखुरतो, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि किती आला त्यावरून तूट. पडद्यावर उतरती रेघ दिसते. जोडाशी छोटी पायरी, कनेक्टरशी टोक, आणि तार संपली की कडेलोट. जेसीबीने रस्त्याकडेची केबल तोडली की सगळ्यांना हवा असतो तो हाच आकडा : किती मीटरवर? खोदणाऱ्याने आधी कळवावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे अ‍ॅप आणले. तरी कट होतातच.

माहितीपत्रकात दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक, डायनॅमिक रेंज, समजा २४ डीबी. दुसरा, डेड झोन, समजा अडीच मीटर. वाचणाऱ्याला वाटते, यंत्र २४ डीबीपर्यंत बघते आणि अडीच मीटरवरचे दोन कनेक्टर वेगळे दाखवते. दोन्ही खरे, पण एकाच वेळी नाही. पहिला आकडा सर्वांत रुंद ठोका आणि काही मिनिटांची सरासरी घेऊन काढलेला असतो; दुसरा सर्वांत अरुंद ठोक्यावर. लांब बघायचे तर बारकावे जातात, बारकावे हवेत तर लांबचे दिसत नाही. शिवाय रेंजच्या शेवटच्या काही डीबीत रेघ गोंगाटात बुडालेली असते, तिथला जोड ओळखू येत नाही. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न असा : माझ्या दहा किलोमीटरच्या तारेवर, अर्ध्या मिनिटाच्या सरासरीत, कनेक्टरच्या पुढे किती मीटरवरचा जोड दिसेल? तो समोर लावून दाखवत असेल तर बोलणे पुढे न्यावे.

वरच्या बेरजेतले दोन आठाचे स्प्लिटर मिळून एकवीस डीबी. वीस-चाळीस हजारांत मिळणारा, चोविसाच्या आसपास रेंजचा छोटा ओटीडीआर ऑफिसातून लावला तर स्प्लिटरांपलीकडचे घर त्याला नीट दिसणार नाही. आणि दिसले तरी स्प्लिटरमागच्या सगळ्या फाट्यांची रेघ एकात एक मिसळलेली असते. त्यामुळे अशी तपासणी ग्राहकाच्या टोकाकडून, स्प्लिटरपर्यंतच करायची असते. त्यातही तार चालू असेल तर १३१०-१५५० चा ठोका सोडणे म्हणजे शेजाऱ्यांचे नेट विस्कटणे आणि समोरच्या प्रकाशाने आपल्या यंत्राला धोका. चालू तारेसाठी १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा, गाळणी बसवलेला पोर्ट लागतो आणि तो असलेला ओटीडीआर महाग पडतो. स्वस्त यंत्रावर ‘लाइव्ह टेस्ट’ लिहिले असेल तर कोणत्या लहरलांबीवर, हे विचारावे.

एकच लहरलांबी असलेला, फक्त १५५० चा, ओटीडीआर सर्वांत स्वस्त. तो घेऊ नये. कारण एका उदाहरणात सांगतो. रेघेवर २.३ किलोमीटरला पायरी आहे. १५५० वर ती १.१ डीबी दिसते. जोड खराब म्हणून क्लोजर उघडायला माणूस निघतो. तीच तार १३१० वर बघितली तर त्याच जागी पायरी ०.१ डीबी. खराब जोड दोन्हीकडे सारखाच खराब दिसला असता. लांब लहरीला जास्त आणि आखूड लहरीला कमी तूट हे बाकाचे लक्षण. म्हणजे क्लोजरमधल्या ट्रेत तार गच्च वळवलेली आहे किंवा खांबावर केबल टायने आवळली आहे. जोड पुन्हा करायची गरज नाही, टाय कापायचा. दुसऱ्या लहरलांबीचे जास्तीचे पैसे अशा दोन-चार फेऱ्यांत वसूल होतात.

यंत्राबरोबर आणखी दोन गोष्टींचा खर्च धरायला हवा आणि कोटेशनात त्या नसतात. एक, लाँच केबल, म्हणजे दीडशे मीटर ते किलोमीटरभर फायबरचे रीळ. तिच्याशिवाय पहिला कनेक्टर यंत्राच्या स्वतःच्या अंधाऱ्या पट्ट्यात लपतो. दुसरी, पोर्ट वाचवणारी छोटी पॅच कॉर्ड. साध्या कनेक्टरचे आयुष्य पाचशे जोडण्यांच्या आसपास धरतात. यंत्राचा मूळ पोर्ट झिजवण्याऐवजी शंभर-दीडशे रुपयांची कॉर्ड झिजू द्यावी.

अंतराच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. काचेचा अपवर्तनांक यंत्राला सांगावा लागतो. नेहमीच्या फायबरला तो १.४६७-१.४६८ च्या आसपास. त्यात ०.०१ ची चूक झाली तर दहा किलोमीटरला जवळपास ७० मीटरचा घोळ. त्याशिवाय फायबर केबलच्या आत पीळ घेऊन जाते आणि प्रत्येक जोडाशी लूप सोडलेला असतो, त्यामुळे काचेची लांबी रस्त्याच्या लांबीपेक्षा नेहमीच जास्त. ‘३.८ किलोमीटरवर कट’ हे कळून खड्डा मारायला उपयोग नाही. शेवटचा ओळखीचा जोड ३.६ वर आहे आणि कट त्याच्या पुढे दोनशे मीटर काचेवर, हे कळले तर उपयोग. म्हणजे पुन्हा रजिस्टरच.

एक गंमत नवख्यांना चकवते. कधी जोडाशी रेघ खाली येण्याऐवजी वर जाते, जणू जोडाने प्रकाश वाढवला. दोन वेगळ्या गाभ्याच्या फायबर जोडल्या की पुढची जास्त प्रकाश मागे विखुरते, म्हणून असे दिसते. त्याच जोडाची दुसऱ्या टोकाकडून मोठी तूट दिसते. दोन्हींची सरासरी खरी. सरकारी कामांत दोन्ही बाजूंच्या ओटीडीआर नोंदी मागतात त्या यासाठी.

सरकारी कामांचा हिशेब मुळातच निराळा आहे. २०११ मध्ये मंजूर झालेले आणि पुढे भारतनेट नाव मिळालेले जाळे, राज्यातले महानेट, बीएसएनएलची कामे, यांत प्रत्येक कोरची नोंद, कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र, प्रमाणित .सॉर फाइल अशा अटी असतात. तिथे यंत्र दोष शोधायला कमी आणि बिल पास व्हायला जास्त लागते. म्हणून व्हियावी, एक्स्फो, योकोगावा, अन्रित्सु अशा कंपन्यांची नावे निविदेच्या भाषेत आपोआप डोकावतात. लाखांची ही यंत्रे, आणि दरवर्षी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशनचा खर्च वर. चोवीस कोरच्या केबलची चोवीस रेघांची फाइल तपासणाऱ्यालाही एक सुचवण्यासारखे आहे : गोंगाटाचा भाग एकमेकांवर ठेवून बघावा. दोन वेगळ्या कोरचा गोंगाट कधी हुबेहूब जुळत नाही. जुळला तर एकच कोर दोन नावांनी मोजलेला आहे.

ऐरोली, महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांचे काम करणाऱ्यांसाठी हा लेख तसा नाही. तिथे मल्टिमोड, बारा-चोवीस तारांचे एमपीओ कनेक्टर, आणि प्रत्येक दुव्याचे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण प्रमाणपत्र देणारे टेस्टर लागतात. कामाच्या करारातच कुठले यंत्र चालेल हे लिहिलेले असते. निवड फारशी उरत नाही, उरते ती विकत की भाड्याने एवढीच.

चालू तार ओळखणारा चिमटाही किंमतवार यादीत असतो. तार किंचित वाकवून बाहेर झिरपणाऱ्या प्रकाशावरून ती चालू आहे का आणि प्रकाश कुठल्या दिशेने जातो हे तो सांगतो. चोवीस कोरमधली भलतीच कापली जाऊ नये म्हणून ट्रंकवर काम करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. वाकवली तरी न गळणाऱ्या नव्या जी.६५७ फायबरवर मात्र तो कधीकधी गप्प बसतो.

स्प्लायसिंग मशीन तपासणीचे यंत्र नाही, पण बजेटचा सर्वांत मोठा घास तेच घेते, म्हणून दोन शब्द. जोड झाल्यावर पडद्यावर ‘०.०१ डीबी’ येते तो अंदाज असतो. मशीन दोन टोकांचे चित्र बघून तो बांधते, प्रकाश सोडून मोजत नाही. त्याला तपासणी समजणारे पुष्कळ आहेत. खराब जोडाचे मूळ बहुतेक वेळा मशीनमध्ये नसून बोथट क्लीव्हरमध्ये असते. थोड्या पैशांत महाग मशीन आणि फुटकळ क्लीव्हर यापेक्षा मधले मशीन आणि चांगला क्लीव्हर हे जोडगोळीचे गणित बरे बसते. इलेक्ट्रोड काही हजार जोडांनंतर बदलायचे असतात, तो खर्चही वर्षाच्या हिशेबात धरावा.

तर लाख-दीड लाखांचे काय करायचे? मशीन वेगळे धरले तर मी असे वाटेन : प्रत्येक माणसामागे एक मीटर, एक लाल पेन, एक टिचकीचा क्लीनर, ऑफिसात पडद्यावर दिसणारा एक सूक्ष्मदर्शक, टीव्हीही चालवत असाल तर एक पॉन मीटर, एक रीळ लाँच केबल, आणि भाड्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम. या यंत्रांवर सध्या १८ टक्के जीएसटी आहे. तो परत मिळण्यासाठी पक्के बिल लागते, आणि कंपोझिशन योजनेतल्यांना तो मिळतच नाही, हे कोटेशनांची तुलना करतानाच बघावे. वर्षाला किती वेळा तार इतकी तुटते की ओटीडीआरशिवाय जागा सापडत नाही, हे रजिस्टरवरून मोजावे. महिन्याला एखाददुसरी वेळ असेल तर भाडे स्वस्त. आठवड्याला येत असेल तर विकत घ्यावा, आणि मग १३१०-१५५० दोन्ही असलेला.

जुना, नामांकित कंपनीचा ओटीडीआर हाही एक मधला मार्ग आहे. बघायचे ते एवढे : पोर्टचे तोंड सूक्ष्मदर्शकाखाली, दोन्ही लहरलांब्यांवर आपल्या ओळखीच्या तारेची रेघ, बॅटरी किती वेळ टिकते, फाइल बाहेर काढता येते का, आणि शेवटचे कॅलिब्रेशन कधीचे. विकणारा तार लावून बघू देत नसेल तर उठून यावे.

तालुक्यातल्या तीन-चार ऑपरेटरांनी मिळून एक ओटीडीआर घेण्याचा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. ग्राहक पळवण्यावरून एकमेकांशी न बोलणारे लोक जेसीबीने केबल तोडली की एकमेकांना फोन करतातच. मात्र तोंडी ठरवू नये. यंत्र कुणाकडे राहणार, कटच्या वेळी दोघांना एकदम लागले तर आधी कुणाला, बॅटरी आणि कॅलिब्रेशनचा वाटा कसा, कुणी धंदा विकला तर त्याच्या हिश्शाचे काय, हे एका कागदावर सही करून घ्यावे. आणि त्याच कागदावर आणखी एक ओळ : पोर्टमध्ये कॉर्ड घालण्याआधी ती पुसली का याची नोंद ज्याने यंत्र नेले त्याने करायची, आणि परत करताना पोर्टवर ओरखडा दिसला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने.